चिलर, पण चिल्लर नव्हे

दिवाळीच्या अंकात थंडाव्याची गोष्ट काढणे म्हणजे संक्रांतीला छत्रीचे कौतुक करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पहाटे गारवा पडू लागला आहे, बंबाचा धूर आणि उटण्याचा वास घरभर पसरला आहे, आणि हा गृहस्थ वातानुकूलनाचे यंत्र घेऊन बसला! पण वाचकहो, हा विषय काढण्याचा महिना हाच. मे महिन्यात तो काढून उपयोग नसतो. तेव्हा माणसाच्या हाती फक्त घाम पुसणे उरते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण सारे शाळेत शिकलो. सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत मात्र विहीर हमखास तहान लागल्यावरच खणली जाते.

मोठ्या इमारतीला थंड ठेवणारे जे मुख्य यंत्र असते त्याला चिलर म्हणतात. नाव ऐकून खिशातली चिल्लर आठवते. पण ते बदलायची वेळ आली की खिसाच काय, तिजोरी हलते. नाट्यगृह, रुग्णालय, न्यायालय, मोठे ग्रंथालय अशा ठिकाणी तळघरात किंवा गच्चीवर हा बोजड प्राणी वीस-पंचवीस वर्षे घरघरत असतो. तो पाणी थंड करतो, ते पाणी नळ्यांतून दालनादालनांत फिरते, आणि तिथे पंख्याची हवा त्या थंड नळ्यांवरून जाऊन आपल्या अंगावर येते. प्रेक्षक नटाला टाळ्या देतात, डॉक्टरांना दुवा देतात. चिलरला कोणी विचारीत नाही. तो बंद पडला म्हणजेच त्याचे नाव निघते, आणि तेही शिव्यांसकट.

हे यंत्र गारवा तयार करते असा आपला समज असतो. वस्तुतः ते उष्णता उपसते. आपल्या आजोबांच्या मळ्यातली मोट आठवा. मोट पाणी तयार करीत नसे. खालचे पाणी वर आणून ओतत असे. चिलरही आतली उष्णता काढून बाहेर नेऊन ओततो. विहीर जितकी खोल तितका बैलांना त्रास जास्त. तसेच आतला गारवा आणि बाहेरचा तडाखा यांतले अंतर जितके मोठे तितकी वीज जास्त. मोटेचा हा हिशोब ज्याला कळला त्याला चिलरचे निम्मे शास्त्र कळले.

हे यंत्र 'टनां'त मोजतात, त्यामागेही एक मौज आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला आणि मुंबईला येत असे. साहेबाच्या पेल्यातला खडा अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला असे. पुढे यंत्रे आली, पण माप बर्फाचेच राहिले. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता उपसणारे यंत्र एक टनाचे. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. आपल्या दिवाणखान्यात दीड टनाचे यंत्र बसते. एखाद्या सभागृहाला शंभर-दीडशे टनांचे लागते.

आता ही मोट चंद्रपूरच्या विहिरीवर नेऊ या. गेल्या मे महिन्यात माझे एक स्नेही त्या बाजूला निघाले होते, त्यांच्याबरोबर मीही गेलो. अशी यंत्रे तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. तिथल्या एका सार्वजनिक इमारतीतला चिलर थकला होता आणि तो बदलण्याविषयी त्यांचे मत हवे होते. इमारतीचे नाव सांगण्याचे कारण नाही; वाचकाने आपल्या गावातली कुठलीही इमारत डोळ्यांपुढे आणावी, वर्णन जुळेल.

चंद्रपूरचे ऊन ज्याने अनुभवले नाही त्याला ते सांगून समजायचे नाही. तिथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला तर कोणी बातमी म्हणून सांगत नाही. दुपारी बारानंतर जटपुरा गेटपासचा रस्ता असा ओस पडतो की संचारबंदी वाटावी. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तयार प्रस्ताव पुढे ठेवला. "जुने यंत्र शंभर टनांचे आहे साहेब, ते पुरत नाही. दीडशे टनांचे घेऊ म्हणतो. गच्चीवर बसेल, हवेवर चालणारे. पाण्याची कटकट नको."

माझ्या स्नेह्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी इमारत पाहू."

यंत्र सांभाळणारा माणूस आमच्याबरोबर जिना चढू लागला. चढता चढता हळूच म्हणाला, "सारे म्हणतात मशीन म्हातारी झाली जी. पण तिले श्वासच घेऊ देत नाही कोणी." त्याचे म्हणणे गच्चीवर गेल्यावर पटले. गच्चीचा काळपट स्लॅब तव्यासारखा तापलेला. पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत काचेची, कारण मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीला तशी होती. प्रवेशाचे दार दोरीने बांधून कायमचे उघडे ठेवलेले. हवेच्या जाळ्यांवर धुळीची गोधडी. पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याला खेटून कोणी पत्र्याची शेड घातलेली. त्यामुळे मनोऱ्याने टाकलेली ऊन हवा पुन्हा त्याच्याच नाकात जाई. आणि यंत्राच्या नळ्यांत क्षारांचा थर, आपल्या बंबात धरतो तसाच. बंबात थर धरला की लाकूड जास्त लागते. चिलरमध्ये वीज जास्त लागते, एवढाच फरक.

"यंत्र म्हातारे झाले आहे, यात शंका नाही," माझे स्नेही म्हणाले. "ते बदलायलाच हवे. पण शंभराचे दीडशे कशासाठी? जुन्या कोटाच्या मापाने नवा कोट शिवू नये, तर तुम्ही जुन्या कोटाच्या मापात सदऱ्याखाली दडवलेल्या उशा मोजता आहात."

त्यांनी मग जो हिशोब मांडला तो मला इतका आवडला की वाचकांसाठी मी तो टिपून आणला आहे.

पहिली गोष्ट यंत्रावरच्या पाटीची. हवेवर चालणाऱ्या यंत्राची क्षमता कारखान्यात मोजतात ती बाहेर साधारण ३५ अंश तापमान धरून. ३५ अंश म्हणजे चंद्रपूरकराला मार्च महिन्यातली सुखद दुपार! ४६ अंशांत तेच यंत्र दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येते आणि वीज मात्र जास्त खाते. म्हणजे गारवा सर्वांत जास्त हवा त्याच वेळी गडी अंग चोरतो आणि पगार वाढवून मागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. विदर्भातल्या गृहिणीला जे शास्त्र वाळ्याच्या ताट्यांनी आणि पुढे कूलरने शिकवले, तेच इथे कामाला येते. मे महिन्यात तिथली हवा तापलेली असते, तशी ती खडखडीत कोरडीही असते. अशा हवेत पाणी भराभर उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. म्हणून बाहेर ४५ अंश असले तरी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३-२४ अंशच दाखवतो. मनोऱ्यात पाणी शिंपडून थंड करणारा चिलर या ओल्या तापमानाचा फायदा घेतो. मनोऱ्यातून पाणी २७-२८ अंशांवर परत येते. मोटेच्या भाषेत विहीर एकदम उथळ होते. म्हणूनच मेच्या दुपारी हवेवरचे यंत्र पाण्यावरच्या यंत्राच्या जवळजवळ दुप्पट वीज घेते.

"मग पाण्यावरचेच घ्या की!" मी म्हणालो.

"घ्या म्हणणे सोपे आहे," ते म्हणाले. शंभर टनांचा चिलर पूर्ण भाराने चालला तर मनोऱ्यातून तासाला साडेसहाशे लिटर पाणी वाफ होऊन जाते. क्षार साठू नयेत म्हणून थोडे सोडून द्यावे लागते ते वेगळे. दहा तासांत एक टँकर पाणी हवेत गेले. आणि हे नेमके त्याच दिवसांत, जेव्हा शेजारच्या वस्तीत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. वीज वाचवावी तर पाणी जाते, पाणी वाचवावे तर वीज जाते. इकडे आड, तिकडे विहीर!

यातून सुटण्याची वाट कोणती? यंत्र कोणतेही घ्या, आधी उपसायची उष्णताच कमी करा. उष्णता कमी झाली की यंत्र लहान लागते, वीज कमी लागते, आणि पाणीही कमी लागते. गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्या. पश्चिमेच्या काचेला बाहेरून आडोसा करा. आतून पडदा लावून फारसे साधत नाही, कारण ऊन तोवर घरात आलेले असते. दाराला दुहेरी कवाड करा. दिव्यांचे पाहा: जुने यंत्र बसले त्या काळी सभागृहात भट्टीसारखे तापणारे दिवे होते, आज त्याच उजेडाला किती कमी वीज लागते! म्हणजे जुन्या पाटीवरचा टनांचा आकडा आज तसाही खोटा ठरला आहे. माणसांची ऊब तेवढी टळत नाही. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता टाकतो; आठशे प्रेक्षक म्हणजे ऐंशी किलोवॅट, म्हणजे तेवीस टनांचे यंत्र निव्वळ रसिकांसाठी. रसिकता थंड करणे महाग पडते ते असे.

हे सारे कागदावरचे नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे नाव आपल्या मुलांनाही पाठ असते. १९३१ साली उघडलेल्या या इमारतीतले चिलर बदलायची वेळ २००९च्या सुमारास आली. तिथल्या मंडळींनी आधी सगळ्या, म्हणजे ६,५१४ खिडक्या उतरवून इमारतीतच त्यांच्यात उष्णता अडवणारा पडदा बसवला, दिव्यांची व्यवस्था सुधारली. थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने उतरली. मग नवे मोठे चिलर आणण्याची गरजच राहिली नाही. जुन्यांच्याच पोटात नवी यंत्रणा घालून भागले. आपल्या मुंबईत फोर्टमधल्या, १९७२ साली बांधलेल्या गोदरेज भवनातही २०१०मध्ये जुनी वातानुकूलन यंत्रणा बदलली, तेव्हा दिवे, खिडक्या आणि गच्ची यांचाही विचार बरोबरच झाला. ती इमारत खासगी, जिथे विजेचे बिल भरणारा आणि निर्णय घेणारा एकच असतो. सार्वजनिक इमारतीत यंत्र घेणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि घाम गाळणारा तिसरा. म्हणून तिथे हा विचार कोणाच्याच वाट्याला येत नाही.

चंद्रपुरात तर या हिशोबाला आणखी एक धार आहे. गावाला लागूनच महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, २९२० मेगावॅटचे. कोळसा त्याच भागातल्या खाणींचा. वीज दूरदूरच्या शहरांत जाते; धूर, राख आणि ऊब गावाजवळ राहते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कोळशातल्या उष्णतेचे तीन भाग केले तर जेमतेम एका भागाची वीज होते. एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. आता शंभर टनांचे थकलेले यंत्र टनामागे एक किलोवॅट घेते आणि नवे चांगले यंत्र ०.६ घेते असे धरा. दिवसाला दहा तास, वर्षाला दीडशे दिवस, पूर्ण भाराने. साठ हजार युनिटे वाचली. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सहा लाख रुपये, आणि पंचेचाळीस टन कोळसा. आतला गारवा बाहेरच्या उन्हाला किती हातभार लावतो, हे पाहायला चंद्रपूरच्या माणसाला गच्चीवरून नुसते क्षितिजाकडे पाहिले की पुरते.

जुन्या यंत्राच्या अखेरच्या संस्काराविषयीही एक शब्द सांगायला हवा. त्याच्या पोटात वायू असतो. जुन्या काळचे काही वायू आकाशातला ओझोनचा पडदा विरवतात म्हणून १९८७ साली माँट्रियलला जगातल्या राष्ट्रांनी करार केला आणि ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. आर-२२ नावाचा वायू मात्र अजून पुष्कळ यंत्रांत आहे. नव्या यंत्रांतून त्याची हकालपट्टी चालू आहे. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट तिखट. भंगारवाल्याने तांब्याच्या लोभाने नळी कापली आणि शंभर किलो वायू फुस्सकन सुटला, तर एकशे ऐंशी टन कार्बन डायऑक्साइड सोडल्याचे पाप माथी आले. नव्या यंत्राने वर्षानुवर्षे कमावलेले पुण्य एका दुपारी बुडवायचे नसेल, तर वायू नळकांड्यांत भरून घेण्याचे काम निविदेतच लिहिलेले असावे.

परतताना आम्ही गडचिरोलीकडे गेलो. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. रस्ता जंगलात शिरला की अंगावरची काहिली उतरते, हे यंत्राशिवायचे वातानुकूलन. त्या वाटेवर दोन गोष्टी मनात येत राहिल्या. एक झाडीपट्टीच्या नाटकांची. वडसा गावातून निघणाऱ्या त्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतर, धान निघाले की, गावोगाव मंडप टाकून रात्रभर खेळ करतात आणि ऊन तापण्याआधी आवरते घेतात. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती चिलर नसलेल्या रंगभूमीवरच्या कामासाठी! जी कामे कार्तिकात होतात ती वैशाखात करू नयेत, ही थंडाव्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. आपले महोत्सव, संमेलने, पारितोषिक समारंभ सुट्ट्यांच्या सोयीने मे महिन्यात भरतात आणि मग शंभराचे दीडशे टन हवेसे वाटतात.

दुसरी गोष्ट शोधग्रामच्या दवाखान्याची. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, तुम्हांला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहता आले पाहिजे, असे उत्तर आले. म्हणून माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या रूपात उभा राहिला. इमारत कोणासाठी, हे आधी विचारले की तिचा आकार आपोआप ठरतो. चिलरचेही तसेच आहे.

कारण सगळा गारवा सारखा मोलाचा नसतो. रुग्णालयातला शस्त्रक्रियेचा विभाग, कमी दिवसांच्या बाळांचा कक्ष, रक्तपेढी, औषधांची कोठी आणि उन्हाळ्यात उष्माघाताच्या रुग्णांसाठी उघडलेली खोली: इथे गारवा म्हणजे प्राण. बैठकीच्या दालनातला गारवा ही सोय. पण यंत्र एकच असले आणि ते मे महिन्यात बसले की प्राण आणि सोय एकदमच जातात. म्हणून जाणते लोक एका अजस्र यंत्राऐवजी दोन-तीन मध्यम यंत्रे घ्या म्हणतात. एक आजारी पडले तरी दुसरे बाळांच्या कक्षापुरते तरी तग धरते. शिवाय वर्षातले बहुतेक दिवस निम्म्या भाराचे. तेव्हा हत्ती जुंपून पाटी ओढण्याची वेळ येत नाही.

त्या इमारतीचे काय झाले, असे वाचक विचारतील. माझ्या स्नेह्यांनी आपले मत लिहून दिले: आधी गच्ची, काच, दार आणि मनोरा, मग नव्याने मोजमाप, मग यंत्र. कागद वर गेला आहे. सार्वजनिक कागद वर गेला की खाली यायला वेळ घेतो. उष्णतेचा आणि त्याचा गुण एकच.

तोवर आपण काय करावे? आपण कुठल्या ना कुठल्या मंडळाचे, वाचनालयाचे, सोसायटीचे, शाळेच्या पालकसभेचे सभासद असतोच. नव्या यंत्राचा ठराव पुढे आला तर हात वर करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. उष्णता आत येते कुठून, हे कोणी पाहिले का? पाटीवरचा आकडा आपल्या गावच्या उन्हात किती उरतो? वीज आणि पाणी दोन्ही धरून वीस वर्षांचा खर्च किती? आणि यंत्र बंद पडले तर सर्वांत आधी कोणाचे हाल होतील? खरेदीची किंमत हा पाचवा प्रश्न. तो विचारायला मंडळी विसरत नाहीत.

घरातही हाच न्याय लावता येतो. जाळी धुवावी, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई सोडावी, यंत्र २४ अंशांवर ठेवून वर पंखा फिरवावा. सूनबाई १८ म्हणतील, आजोबा २८ म्हणतील; २४ हा दोघांच्या मधला समेट आहे, आणि घरातली शांतता हाही एक गारवाच.

फेब्रुवारी संपता संपता विदर्भात ऊन चढू लागते. हाताशी अजून तीन-साडेतीन महिने आहेत. फराळ झाला की तुमच्या मंडळाच्या चिटणिसांना एकदा विचारून ठेवा: गच्चीला चुना कधी द्यायचा?